बाकदार फोन, वाकलेला फोन

२०१३ साली एलजीने ‘जी फ्लेक्स’ नावाचा फोन आणला. त्याचा पडदा वरून खाली बाकदार होता आणि जाहिरातही त्या बाकाचीच होती. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१४मध्ये, ॲपलचा आयफोन ६ प्लस पँटच्या खिशात वाकतो अशी बोंब उठली. त्या प्रकरणाचं नावच पडलं ‘बेंडगेट’. सरळ दोन्ही फोन नव्हते. पण पहिला होता ‘कर्व्ह्ड’ आणि दुसरा झाला होता ‘बेंट’.

खरं तर हा फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. बाकदार तलवार आणि वाकलेली तलवार यांत मराठी माणूस गल्लत करत नाही. एक तशीच घडवलेली, दुसरी कशावर तरी आपटलेली. घोळ होतो तो शाळेत ‘कर्व्ह’ आणि ‘बेंड’ या दोन्ही इंग्रजी शब्दांपुढे ‘वळण’ लिहून मोकळं झाल्यामुळे.

‘बेंड’ला सरळपणाची आठवण असते. वस्तू आधी सरळ होती, मग कुणीतरी किंवा कशानेतरी जोर लावला. या शब्दाचं मूळ धनुष्यात आहे: जुन्या इंग्रजीतल्या ‘बेंडान’चा अर्थ धनुष्याला दोरी बांधून ते ताणणं. बांधणं या अर्थाचा ‘बाइंड’ त्याच कुळातला. म्हणजे तार, चमचा, गुडघा ही सगळी ‘बेंड’ची माणसं. व्यायाम घेणारा ‘बेंड युवर नीज’ म्हणतो. तिथे ‘कर्व्ह’ घातलं तर वर्गातले एकमेकांकडे बघतील. ब्रिटिश बोलीत लाचखाऊ पोलीसही ‘बेंट’ असतो. नोकरीला लागला तेव्हा सरळ होता, एवढं त्या शब्दात गृहीत धरलेलं आहे.

‘कर्व्ह’ लॅटिनमधून आला आणि त्याला अशा पूर्वेतिहासाशी देणंघेणं नाही. आकार कसा आहे, एवढंच तो सांगतो. आलेखावरच्या रेषेला म्हणूनच तो शोभतो. गंमत म्हणजे अर्थशास्त्राच्या पुस्तकातला ‘मागणी वक्र’ पुष्कळदा पट्टीने ओढलेली सरळ रेघ असते आणि तरी तो वक्रच! गणिताच्या लेखी सरळ रेघ हाही वक्राचाच एक प्रकार. ‘बेंड’ला एवढी सूट कुणी देणार नाही.

दोघांचं नातं एका वाक्यात बघायचं तर २०२० आठवा. रुग्णसंख्येबद्दल बोलताना ‘फ्लॅटन द कर्व्ह’ तर होतंच, पण ‘बेंड द कर्व्ह’ही कानावर यायचं. कर्व्ह ही असलेली गोष्ट, बेंड ही तिच्यावर करायची कृती. उलटं करून बघा, अर्थच लागत नाही.

इथवर सोपं आहे. अडचण नदीपाशी येते. ॲरिझोनात कोलोरॅडो नदी घोड्याच्या नालासारखी वळते, त्या जागेचं नाव ‘हॉर्सशू बेंड’. पेनसिल्व्हेनियात आल्टूनाजवळ १८५४मध्ये सुरू झालेला रेल्वेमार्ग डोंगराला तसाच नालाचा वळसा घालतो, त्याचं नाव मात्र ‘हॉर्सशू कर्व्ह’. नाल दोन्हीकडे आहे, मग शब्द वेगळे का? मला वाटतं, नदी आपल्या वाटेने जाताजाता वळते, तिचा प्रवास डोळ्यांपुढे असतो, म्हणून बेंड. रूळ कुठून किती वळवायचे हे इंजिनियरने आधी कागदावर मोजून ठरवलेलं असतं, म्हणून कर्व्ह. हा नियम नव्हे, कल आहे. ‘रोड बेंड्स’ आणि ‘रोड कर्व्ह्ज’ दोन्ही बिनचूक इंग्रजी आहे. फार तर पहिल्यात वळण थोडं अचानक येतं.

आपल्या रस्त्यावरच्या त्रिकोणी पाट्यांतही तो कल दिसतो. साध्या वळणाच्या पाटीचं इंग्रजी नाव ‘राइट हँड कर्व्ह’, पण पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना आंबेनळी घाटात पोटात कालवतं ती वळणं ‘हेअरपिन बेंड’. कर्व्ह सौम्य, बेंड कडक. मराठीत दोन्ही वळणंच. फार तर दुसऱ्याला आपण ‘अवघड’ म्हणतो.

आणि हे पक्कं झालं असं वाटून पायपांच्या दुकानात शिरावं, तर तिथे सगळं उलटं. काटकोनात चटकन वळणारा तुकडा म्हणजे ‘एल्बो’ आणि ऐसपैस गोलाईने वळणारा तो ‘बेंड’. बेंडमध्ये पाण्याला अडथळा कमी, म्हणून सांडपाण्याच्या लाइनला प्लंबर बेंड मागतो. पुढे तुंबलं तर उघडायला झाकण हवं असेल, तर ‘डोअर बेंड’. घाटातला कडक बेंड इथे सौम्य होतो, कारण शेजारी त्याच्याहून कडक एल्बो बसलेला असतो. आणि ‘कर्व्ह’ मागितलात, तर काउंटरवरचा माणूस आधी विचारेल, घरात प्लंबर आहे का, त्याला फोन लावा.