लाकडावरचा ‘पाण्याचा रंग’: थोडी पार्श्वभूमी

स्वयंपाकघरातल्या कपाटांना पाण्याचा रंग द्यायचा म्हटलं, की जुना रंगारी आजही मान हलवतो. त्याच्या लेखी पाण्याचा रंग म्हणजे डिस्टेंपर, पाठ टेकली की सदऱ्याला लागणारा. लाकडाला ऑइल पेंट, चांगल्या लाकडाला स्पिरिट पॉलिश, ही वाटणी त्याच्या उस्तादाच्या वेळीच ठरलेली.

जवसाच्या तेलाचा आणि लाखेचा काळ सोडून देऊ. आपण ज्याला ऑइल पेंट म्हणतो तो बहुतेक वेळा अल्किड रेझिनचा रंग असतो (रेझिन म्हणजे वाळून कडक थर धरणारं चिकट द्रव्य), आणि ते रेझिन 1920 च्या दशकातलं. त्याच सुमारास मोटारींसाठी झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग निघाला. त्याचं व्यापारी नाव ‘ड्युको’. आपल्याकडच्या सुतारांच्या तोंडी ते इतकं रुळलं, की आज पीयू (पॉलियुरेथेन, वेगळंच रेझिन) मारला तरी काम ‘ड्युको’चंच. पाण्यातलं ॲक्रिलिक, म्हणजे आणखी एक रेझिन, 1950 च्या दशकात आलं, पण भिंतींसाठी. लाकडावर ते मऊ राहायचं. दार चौकटीला चिकटायचं आणि उघडताना साल निघायची.

खरा घोळ आहे ‘वॉटर-बेस्ड’ या शब्दात. पाणी नुसतं वाहून आणतं आणि उडून जातं. मागे उरतं ते रेझिन, टिकाऊपणा त्याचा. डब्यावर ठळक अक्षरांत मात्र पाणीच. साधं ॲक्रिलिक, पीयू मिसळलेलं ॲक्रिलिक आणि पाण्यात घुसळलेलं अल्किड, तिघांना एकच बिरुद. त्यात ‘इनॅमल’ची भर. मुळात इनॅमल म्हणजे धातूवर भाजून चढवलेली काच, आपला मिना. पुढे कुठलाही कडक, चकचकीत ऑइल पेंट इनॅमल झाला, आणि आता पाण्याचा रंगही. पिशवीवरचं चित्र बघून तांदूळ घेण्यातला प्रकार. पाण्यातलं अल्किड ब्रशच्या खुणा छान मिटवतं, कडकही होतं. पण ते पक्कं होतं हवेतल्या ऑक्सिजनवर, म्हणून सावकाश. शिवाय पांढरा रंग कपाटाच्या आत, जिथे उजेड पोचत नाही, तिथेच आधी पिवळा पडतो. ॲक्रिलिक पांढरंच राहतं. माझा कौल पीयू-ॲक्रिलिकला.

हे प्रकार सुधारले त्यात गिऱ्हाइकाच्या मागणीपेक्षा कायद्याचा हात मोठा. युरोपच्या 2004 च्या निर्देशानं रंगातून हवेत उडणाऱ्या सेंद्रिय संयुगांवर मर्यादा घातली. 2010 पासून दारं-खिडक्यांच्या रंगात ती लिटरला 130 ग्रॅम, पण पाण्याच्या रंगाला. थिनरच्या रंगाला 300. दार तेच, मापं दोन, हे मला आजही पटत नाही. तरी नव्या रेझिनला जोर मिळाला तो अशा नियमांमुळेच. भारतात 2016 च्या नियमांनी घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घातली, ती 1 नोव्हेंबर 2017 पासून पूर्ण लागू झाली. पण ती शिशापुरती. थिनरच्या वाफांबद्दल त्यात काही नाही.

मधल्या काळात आपल्याकडची कपाटं सनमायकाखाली गेली होती. एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांची, शटर्स आली आणि रंग परतला. एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पितात आणि फुगतात, म्हणून तिथे अस्तर आणि पॉलिश पेपरचं काम दुप्पट. रंग तासा-दोन तासांत हाताला कोरडा लागतो, पुरता कडक व्हायला मात्र दोन ते चार आठवडे. गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात रंगवलेल्या ट्रॉल्यांना हळदीचा हात लागतो, आणि जुना रंगारी म्हणतो, सांगितलं होतं ना!