चौदाव्या वर्षी पोरी मंदावतात, ते का?

पहाटे कोल्हापुरात रंकाळ्याच्या कडेनं फेरी मारा, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली घोळक्यानं पळताना दिसतील. भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. त्यांच्यातच एखादी शाळकरी पोर जिल्हा स्पर्धेसाठी घाम गाळत असते, आणि तिच्याबद्दल मैदानाच्या कडेला हमखास ऐकू येतं, "बाराव्या वर्षी काय पळायची! आता जड झाली. लक्षच नाही तिचं पळण्यात." यातला पहिला भाग बऱ्याचदा खरा असतो. लक्ष नसल्याचा ठपका मात्र फुकटचा आहे.

वेग नेमका येतो कुठून? पाय भराभरा हलवण्यातून, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे मोजून पाहिलं. हवेतला पाय मागून पुढे आणायला वेगवान धावपटूंना आणि संथ पळणाऱ्यांना जवळपास सारखाच वेळ लागतो, असं दिसलं. खरा फरक होता पाय जमिनीला टेकल्यावर दिलेल्या रेट्यात. पूर्ण वेगात असताना पाऊल जमिनीवर टेकतं ते जेमतेम ०.१ सेकंद. तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या चौपटीच्या घरात जोर जमिनीवर लावता आला पाहिजे. म्हणजे कामाचा हिशेब एकूण ताकदीचा नाही, दर किलो वजनामागच्या ताकदीचा आहे. तोही क्षणात बाहेर पडणाऱ्या ताकदीचा.

हाच हिशेब वयात येताना बिघडतो. मुलींची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती साधारण १२व्या वर्षी, मुलांच्या दोनेक वर्षं आधी. म्हणून सातवीतली पोरगी वर्गातल्या पोरांना सहज मागे टाकते. मग पाळी सुरू होते, इस्ट्रोजेनमुळे शरीरातल्या चरबीचं प्रमाण वाढतं. मुलांमध्ये त्याच सुमारास टेस्टोस्टेरॉन स्नायू भरत असतं. मुलींना ही मदत फारच थोडी मिळते. पाय लांब झालेले, वजन वाढलेलं आणि रेटा जवळपास तेवढाच. एक-दोन वर्षं वेळ जागच्या जागी राहिली तर त्यात नवल ते काय?

त्यात आपली वेळ मोजायची तऱ्हा. तालुका स्पर्धेत अजून हातातलं स्टॉपवॉच चालतं. वेळ घेणाऱ्यानं पिस्तुलाचा धूर बघून बटण दाबायचं असतं, कारण आवाजाला १०० मीटर यायलाच जवळजवळ ०.३ सेकंद लागतो. धूर बघितला तरी बोट हलायला वेळ जातोच. म्हणून १०० मीटरची हातानं घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडताना तीत ०.२४ सेकंद मिळवतात. समजा, गेल्या वर्षी तालुक्याला स्टॉपवॉचवर १२.९ आले आणि यंदा सिंथेटिक ट्रॅकवर यंत्रानं १३.१४ दाखवले. घरी येईपर्यंत "पाव सेकंदानं मागे पडली" अशी बोंब झालेली असते. प्रत्यक्षात पोरगी होती तिथंच आहे.

१८ वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा १९९९ मध्ये पोलंडच्या बिडगोश्चला सुरू झाली आणि २०१७ मध्ये नैरोबीत शेवटची भरली. त्यात उतरणाऱ्या मुली १६-१७ वर्षांच्या, म्हणजे कुणी या बदलातून बाहेर पडलेली, तर कुणी अजून त्यात अडकलेली. अमेरिकेच्या कँडेस हिलनं २०१५ मध्ये, १६व्या वर्षी, १०० मीटर १०.९८ सेकंदांत मारले आणि त्याच वर्षी कोलंबियातल्या काली शहरात भरलेली ही स्पर्धा जिंकली. पुढे कित्येक वर्षं तो आकडा तिला स्वतःलाही मागे टाकता आला नाही. उलट ॲलिसन फेलिक्स २००१ मध्ये याच स्पर्धेत १०० मीटरची विजेती होती आणि २०१२ मध्ये ऑलिंपिकचं २०० मीटरचं सुवर्ण घेऊन आली. सोळाव्या वर्षीच्या घड्याळावरून भविष्य सांगणाऱ्यांनी या दोघी शेजारी ठेवून बघाव्यात.

आपल्याकडे सगळ्यांना आठवते ती हिमा दास. १२ जुलै २०१८, फिनलंडमधलं ताम्पेरे, २० वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा, ४०० मीटर. शेवटच्या वळणावरून बाहेर पडताना ती पदकाच्या जागेतही नव्हती, जिंकली ५१.४६ सेकंदांत. बघताना वाटतं, तिनं शेवटी वेग वाढवला. तसं होत नसतं. ४०० मीटरच्या शेवटच्या टप्प्यात सगळ्यांचाच वेग घटत असतो, हिमाचा इतरांपेक्षा कमी घटला एवढंच. स्नायूंमधला क्रिएटिन फॉस्फेटचा, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाचा, तयार साठा पहिल्या काही सेकंदांतच उतरतो. मग ऑक्सिजनशिवाय साखर फोडून काम भागवावं लागतं, त्यातून स्नायूंत आम्लता वाढते आणि पाय शिशाचे होतात. तरीही या शर्यतीतली जवळपास ४० टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेनं येते, हे अनेकांना माहीत नसतं.

मग जड झालेल्या पोरीनं करायचं काय? ताकद वाढवायची. उड्या, छोट्या चढावरच्या धावा, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली वजनं. यानं मुलींची वाढ खुंटते ही निव्वळ भीती आहे. उलट वयात येणाऱ्या मुलींना गुडघ्याच्या दुखापतीचा धोका जास्त असतो आणि तो ताकदीनं कमी होतो. तालमीतल्या बैठका चांगल्याच, पण शेकड्यांनी काढल्या की दम वाढतो; ०.१ सेकंदात फुटणारा जोर त्यातून फारसा येत नाही.

आणि खुराक. पैलवानाच्या खुराकाचं या गावाला केवढं कौतुक! गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध समोर काढून देतात. पळणाऱ्या पोरीला मात्र "वजन वाढलंय, भात कमी कर" हा सल्ला. पोटाला कमी आणि सराव जास्त झाला की पाळी लांबते, कधी बंदच होते. काहीजणी त्याला सोय समजतात. खरं तर उपाशी शरीरानं हाडांच्या खर्चातही काटकसर सुरू केल्याची ती खूण असते.

रक्ताचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अशी मुलगी १०० मीटरची एक धाव झकास मारते, कारण तेवढ्याला ऑक्सिजन फारसा लागतच नाही. पण दोन धावांच्या मधल्या विश्रांतीत स्नायूंमधला क्रिएटिन फॉस्फेटचा रिकामा झालेला साठा परत भरायला ऑक्सिजन लागतो आणि तो वाहून न्यायला हिमोग्लोबिन. चौथ्या-पाचव्या धावेला ती ढेपाळते. पहिली धाव सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे आता ती अंग चोरतेय असंच सर धरून चालतात.