98 टक्के अचूक गाळणी कोणाला अडवते?

ऑनलाइन चर्चेतली शिवीगाळ आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेबद्दल एक आकडा हमखास सांगितला जातो: अचूकता 98 टक्के. तो कागदावर मांडून बघावा.

समजा, एका मंचावर दिवसाला 1,00,000 संदेश येतात आणि त्यांतले 1 टक्का, म्हणजे 1,000, खरोखर छळ करणारे आहेत. यंत्रणा त्यांतले 95 टक्के पकडते. उरलेल्या 99,000 निरुपद्रवी संदेशांपैकी 2 टक्के ती चुकून अडवते. म्हणजे अडकले 950 वाईट आणि 1,980 चांगले. एकूण अचूकता 97.97 टक्के, जाहिरात खोटी नाही. पण अडवलेल्या दर तीन संदेशांपैकी दोन निर्दोष आहेत. (काहीच न करता सगळं सोडून देणारी यंत्रणा याच मापाने 99 टक्के अचूक ठरते, हे जाता जाता.)

आता हे 1,980 संदेश कोणाचे, हा खरा प्रश्न. या मंचावरचे 10 टक्के संदेश एका छोट्या गटाचे आहेत, त्यांची बोली वेगळी आहे आणि छळाचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच 1 टक्का आहे, असं धरू. मोठ्या गटाचे 1.5 टक्के चांगले संदेश चुकून अडले आणि छोट्या गटाचे 6.5 टक्के, तर बेरीज पुन्हा 1,980च येते. सरासरी जशीच्या तशी 2 टक्के, आणि छोट्या गटातला माणूस मात्र चौपटीहून जास्त वेळा गप्प केला जातो. ‘गणिताला जातधर्म नसतो’ असं वादात ऐकू येतं. गणिताला नसेल, पण सरासरी काढताना गट झाकले जातात.

हा फरक येतो कुठून? बहुतेक वेळा शिकवणीच्या मजकुरातून, म्हणजे यंत्रणा ज्या नमुन्यांवरून शिकते त्यांतून. गूगलच्या जिगसॉ विभागाने 2017 मध्ये पर्स्पेक्टिव्ह ही सेवा आणली. मजकूर किती विखारी वाटतो याचे ती गुण देते. स्वतःची ओळख सांगणाऱ्या ‘मी समलिंगी आहे’ अशा साध्या वाक्यांनाही सुरुवातीला तिने चढे गुण दिले. तिथल्याच संशोधकांनी 2018 मध्ये कारण मांडलं. विकिपीडियाच्या चर्चापानांवरून घेतलेल्या मजकुरात इंग्रजीतला ‘गे’ हा शब्द एकूण 0.5 टक्के प्रतिक्रियांमध्ये होता, पण विखारी प्रतिक्रियांपैकी 3 टक्क्यांमध्ये. लोक तो शिवीसारखा वापरत होते. मॉडेलने, म्हणजे त्या मजकुरावरून शिकलेल्या प्रणालीने, शब्द आणि विखार यांची गाठ मारली.

असे शब्दच वगळून टाकावेत, हा पहिला सुचणारा उपाय कच्चा आहे. मग त्या गटावरचा खरा हल्लाही दिसेनासा होतो. संशोधकांनी उलटं केलं: विकिपीडियाच्या लेखांमधली हेच शब्द असलेली निरुपद्रवी वाक्यं शिकवणीत घातली. त्यातही लांबीचं भान ठेवलं. विखारी प्रतिक्रिया बऱ्याचदा आखूड असतात, त्यामुळे नुसती लांबलचक वाक्यं ओतली तर आखूड वाक्यांतला घोळ तसाच राहतो.

दुसरी गळती लेबल लावणाऱ्यांकडे, म्हणजे शिकवणीतले संदेश वाचून ‘आक्षेपार्ह’ किंवा ‘निर्दोष’ असा शिक्का मारणाऱ्या माणसांकडे असते. 2019 मधल्या एका अभ्यासात, प्रचलित माहितीसंचांवर शिकवलेली मॉडेलं आफ्रिकन-अमेरिकन बोलीतल्या ट्विटांना दुपटीपर्यंत जास्त वेळा आक्षेपार्ह ठरवत असल्याचं दिसलं. ट्विट बहुधा त्या बोलीतलं आहे, एवढं लेबल लावणाऱ्यांना आधी सांगितलं, तर आक्षेपार्ह ठरवण्याचं प्रमाण घटलं. तेव्हा प्रत्येक संदेशाला तीन माणसं लावून बहुमत घेणं पुरत नाही. तिघांनाही ती बोली परकी असेल तर चूक एकमताने होते.

यंत्रणा तपासायची तर वाक्यांचे साचे करावेत. ‘मी ___ आहे’, ‘माझी शेजारीण ___ आहे’ अशा रिकाम्या जागेत शिक्षिका, बहिरी, समलिंगी, वेगवेगळ्या धर्मांची नावं घालून गुण बघावेत. फक्त शब्द बदलल्याने गुण उडी मारत असतील तर दोष सापडला. पण साचे ही सुरुवात. पुढे प्रत्येक गटाचे खरे, माणसांनी निर्दोष ठरवलेले संदेश लागतात, आणि ते पुरेसे लागतात. 100 संदेशांत 2 चुका दिसल्या तर खरा दर पाव टक्क्यापासून 7 टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. 1,000 संदेशांत 20 चुका दिसल्या तर तोच पट्टा साधारण 1 ते 3 टक्क्यांवर येतो. छोट्या गटाचे संदेश मुळात कमी, म्हणून ते मुद्दाम जास्त गोळा करावे लागतात. इथेच बहुतेक तपासण्या ढेपाळतात.

यंत्र 0 ते 1 मधले गुण देतं; किती गुणांच्या वर संदेश अडवायचा, म्हणजे कटऑफ कुठे ठेवायचा, हा निर्णय यंत्र घेत नाही. 0.9 वरचे गुण अडवले तर निर्दोष कमी अडकतात आणि छळ जास्त सुटतो; 0.6 वर आणलं की उलट. शिवाय न्यायाची दोन मापं एकमेकांशी भांडतात. एका गटात छळाचे संदेश 1 टक्का आणि दुसऱ्यात 3 टक्के असतील, तर चुकांचे दर दोघांना सारखे (छळाचे 95 टक्के पकडले, निर्दोष 2 टक्के अडले) ठेवूनही अडवलेल्यांत निर्दोष किती, याचं उत्तर वेगळं येतं: पहिल्या गटात 68 टक्के, दुसऱ्यात सुमारे 40. ते समान करायला गेलात की चुकांचे दर दोन गटांत वेगळे पडतात. 2016 मध्ये अमेरिकेतल्या कॉम्पास या गुन्हेगारी-जोखीम मोजणाऱ्या प्रणालीवरून नेमका हाच वाद पेटला. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवलं, की पुन्हा गुन्हा न केलेल्यांपैकी सुमारे 45 टक्के कृष्णवर्णीय आणि सुमारे 23 टक्के गोरे जास्त जोखमीचे ठरले होते. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं, गुणांचा अर्थ दोन्ही गटांत सारखाच आहे: तेवढेच गुण मिळालेल्यांपैकी पुन्हा गुन्हा करणारे दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात निघतात. दोन्ही बाजू आपापल्या मापाने बरोबर होत्या. कोणतं माप धरायचं हे माणसांनी ठरवून उघड लिहायला हवं.

आणि छळ नेहमी वाक्यात नसतो. चारशे अनोळखी लोकांनी तासाभरात एकाच व्यक्तीला ‘उत्तर द्या ना’ असं लिहिलं, तर एकही संदेश गाळणीत अडकणार नाही. तिथे शब्दांऐवजी वाहतूक मोजावी: एका व्यक्तीकडे तासाला पहिल्यांदाच लिहिणारे किती, त्यांची खाती किती जुनी, ते एकाच दुव्यावरून आलेत का. नेहमीपेक्षा हा ओघ अचानक वाढला, की काही तास फक्त ओळखीच्यांनाच तिला लिहिता येईल अशी सोय त्या व्यक्तीला देता येते. कोणाला बंद न करता झुंड थांबते.

तक्रारीचं बटणही झुंडीच्या हाती हत्यार होतं. अमुक तक्रारी आल्या की खातं आपोआप बंद, असा नियम असेल तर टोळी ठरवून तेवढ्या तक्रारी करते. म्हणून तक्रारींची संख्या मोजू नये; तक्रारदाराच्या आधीच्या तक्रारी किती खऱ्या निघाल्या त्यावरून वजन द्यावं आणि एकाच गटातून आलेल्या तक्रारी मिळून एकच धराव्यात.

संदेश अडवल्याविरुद्धच्या अपिलांत किती निर्णय फिरले, हा आकडा उपयोगी असला तरी लंगडा आहे, कारण सारखे अडवले जाणारे लोक कंटाळून अपील करणंच सोडतात. त्याच्या जोडीला अडवलेल्या संदेशांपैकी 1 टक्का यादृच्छिकपणे उचलून दुसऱ्या मॉडरेटरला, म्हणजे संदेश तपासणाऱ्या माणसाला द्यावेत. त्याला यंत्राचे गुण दाखवू नयेत, 0.93 हा आकडा दिसला की वाचणाऱ्याचं मत तिकडेच झुकतं.