पहिली आवृत्ती लंडनची की न्यू यॉर्कची?

जुन्या अमेरिकी साहित्याच्या पहिल्या आवृत्त्या जमवणाऱ्यांमध्ये एक वाद अजूनही मिटलेला नाही: पुस्तक आधी लंडनला निघाले असेल, तर पहिली आवृत्ती तीच धरायची, की लेखकाच्या मायदेशी निघालेली? १६४० च्या मॅसॅच्युसेट्समधील स्तोत्रसंग्रहाबाबत किंवा १८२७ साली बॉस्टनमध्ये निनावी छापलेल्या एडगर अ‍ॅलन पो यांच्या ‘टॅमरलेन’ या काव्यसंग्रहाबाबत हा प्रश्न उद्भवत नाही, तिथे अडचण केवळ दुर्मिळतेची, कारण पहिल्याच्या अकरा आणि दुसऱ्याच्या जेमतेम डझनभर प्रतीच ज्ञात आहेत.

वादाचे मूळ स्वामित्वहक्काच्या कायद्यात आहे. १८९१ पर्यंत अमेरिकेत परदेशी लेखकांना संरक्षण नव्हते आणि अमेरिकी लेखकाला ब्रिटनमध्ये हक्क हवा असेल, तर पुस्तक आधी तिथे प्रसिद्ध करणे श्रेयस्कर ठरे. हर्मन मेलव्हिल यांची देवमाशाच्या शिकारीवरची कादंबरी ‘मोबी-डिक’ ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनला ‘द व्हेल’ या नावाने तीन खंडांत निघाली, प्रती अवघ्या ५००. न्यू यॉर्कची एकखंडी आवृत्ती नोव्हेंबरमध्ये आली, तिच्या प्रती सुमारे २,९००. तारीखच प्रमाण मानली, तर निकाल लंडनच्या बाजूने लागतो. मात्र मेलव्हिल यांनी मजकुराची जुळणी न्यू यॉर्कमध्येच करून घेतली होती, आणि तिथली मुद्रिते (तपासणीसाठी काढलेले छाप) पाहून लंडनच्या छापखान्याने पुन्हा खिळे जुळवले. त्यात धर्म आणि राजसत्ता यांविषयीचे उल्लेख कापले गेले आणि निवेदक बचावल्याचे सांगणारा उपसंहारही गळाला, त्यामुळे सगळेच बुडाले तर कथा सांगतो कोण, असा आक्षेप तिथल्या समीक्षकांनी घेतला. लंडनच्या देखण्या बांधणीच्या कण्यावरचा सोनेरी देवमासासुद्धा कादंबरीतल्या दातवाल्या जातीचा नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, संहितेचा विचार करता पहिलेपणाचा मान न्यू यॉर्कचाच आहे.

या दोन्ही आवृत्त्यांना खरी मागणी आली ती मेलव्हिल यांच्या १९१९ च्या जन्मशताब्दीनंतर, त्यांचे नव्याने मूल्यमापन झाल्यावर. तोवर न्यू यॉर्कच्या बऱ्याच प्रती नष्ट झाल्या होत्या; डिसेंबर १८५३ मध्ये प्रकाशकाच्या इमारतीला लागलेल्या आगीत न विकलेल्या २९७ प्रती जळाल्या. पूर्वीच्या हौशी संग्राहकांनी उंची चामड्यात नव्याने बांधून घेतलेल्या प्रतींना आज कमी मोल येते. मूळ कापडी बांधणी, नारिंगी अस्तरपाने (पुठ्ठ्याच्या आतली पाने) आणि न कापलेल्या कडा यांचीच किंमत चढते. लिलावाच्या सूच्यांत आता ‘पहिली इंग्लिश आवृत्ती’ आणि ‘पहिली अमेरिकी आवृत्ती’ अशी वेगळी नोंद करतात, आणि संख्येने कितीतरी अधिक असूनही न्यू यॉर्कच्या प्रतीला अमेरिकी संग्राहक आजही आवर्जून बोली लावतात.