पळताना काय खायचं ते आतड्याला विचारा

माझ्या पहिल्या फुल मॅरेथॉनला मी बुटापासून पेसपर्यंत (पळायच्या वेगापर्यंत) सगळं ठरवून गेलो होतो, फक्त खायचं काय हे सोडून. पहाटे तीनला आईने कांदेपोहे केले, वर भरपूर शेंगदाणे आणि खोबरं, "उपाशी पोटी कसा रे पळणार", आणि खिशात शेंगदाण्याची चिक्की कोंबली. २२ किमीला चिक्की खाल्ली, २६ ला कोणीतरी दिलेली जेल (पाकिटातला साखरेचा घट्ट पाक), त्यावर लगेच एनर्जी ड्रिंक, आणि २८ ला मी फुटपाथवर पोट धरून बसलो होतो. पाय एकदम ठणठणीत, पोटाने संप केलेला. आईचं काही चुकलं नव्हतं बरं का, पोहे उत्तमच होते. पण उत्तम जेवण आणि रेसचं खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिथे कळलं.

आधी साधा हिशोब. पळताना वजनाच्या दर किलोमागे एका किलोमीटरला साधारण १ कॅलरी लागते, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ४२ किमीसाठी २७००च्या आसपास. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठवलेलं कार्ब (कार्बोहायड्रेट, म्हणजे साखर-पिष्ट) असतं ४०० ग्रॅमच्या घरात, लिव्हरमध्ये अजून १०० एक ग्रॅम, ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या तर झाल्या २०००. चरबीही जळत असते आणि ती आपल्याकडे काही कमी नाही (माझ्याकडे तर नाहीच), पण ती हळू जळते, वेग वाढवला की शरीर कार्बच मागतं. त्यात लिव्हरमधला साठा रात्री झोपेत मेंदू वापरत बसतो, म्हणून रेसच्या दोन-तीन तास आधी काहीतरी खायचं असतं. हा साठा आटला की मग ती प्रसिद्ध वॉल, ३०-३२ किमीच्या पुढे पाय शिसासारखे जड आणि डोकं बधीर.

हे काही आत्ताचं ज्ञान नाही. १९२४च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी फिनिशला पोचलेल्या रनर्सचं रक्त तपासलं, तर जे अगदी गळून आले होते त्यांची साखर खूप खाली गेलेली होती. पुढच्या वर्षी रनर्सना पळता पळता गोड गोळ्या खायला लावल्या आणि फरक पडला. म्हणजे आपली लिमलेटची गोळी तशी शंभर वर्षं जुनी स्पोर्ट्स सायन्स आहे म्हणायची :)

मग भरपूर गोड खायचं आणि पळायचं, इतकं सोपं का नाही? कारण अडचण खाण्यात नाही, ते आतड्यातून रक्तात जाण्यात आहे. पळताना रक्त धावतं पायाच्या स्नायूंकडे, आणि उकडत असेल तर घाम काढायला त्वचेकडेही, त्यामुळे पोटा-आतड्यांचं रक्त निम्म्याहून खाली येऊ शकतं. त्यात वरून प्रत्येक पावलाला हादरा. अशा अवस्थेत फॅट, फायबर किंवा प्रोटीनवालं काही आलं की जठर ते पुढे सोडायला वेळ लावतं आणि ते तिथेच डचमळत बसतं. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, आता माझ्या चिक्कीचं काय झालं असेल ते सांगायला नको.

आणि साखर आतड्यात पोचली तरी आत जायला ठराविक दारं असतात. ग्लुकोजचं दार एसजीएलटी-१ नावाचं प्रोटीन, ते तासाला साधारण ६० ग्रॅमच्या पुढे घेत नाही, मग तुम्ही कितीही जेल ढोसा. उरलेलं आतड्यातच राहतं, आजूबाजूचं पाणी खेचून घेतं आणि मग टॉयलेट शोधत पळायची वेळ येते. गंमत म्हणजे हे दार ग्लुकोजसोबत सोडियमही आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. ओआरएस चालतं ते याच तत्त्वावर, १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखर-पाण्याने कॉलराचे कितीतरी रुग्ण वाचवले. पण म्हणून ओआरएस म्हणजे एनर्जी असं समजू नका, आमच्या रनिंग ग्रुपमध्ये अर्धे लोक तसंच समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्यात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे ५४ कॅलरी. अख्खा लिटर प्यालात तरी एक किलोमीटर निघत नाही! ते पाणी आणि मिठासाठी ठीक, इंधन वेगळं घ्यावंच लागतं.

फ्रुक्टोजचं दार मात्र वेगळं आहे. त्यामुळे दोन्ही मिसळून घेतलं तर तासाला ९० ग्रॅमपर्यंतही जाता येतं, महागड्या जेलच्या पाकिटावर जे ग्लुकोज-फ्रुक्टोजचं दोन-एकचं गुणोत्तर लिहिलेलं असतं ते याचसाठी. आणि आपली डब्यातली साखर? तिचा प्रत्येक कण म्हणजे अर्धं ग्लुकोज अर्धं फ्रुक्टोज, आतड्यात गेल्यावर तिचे दोन तुकडे होतात आणि दोघं आपापल्या दाराने आत जातात. गुळात पण बहुतेक तीच साखर. म्हणून तासाला ४०-५० ग्रॅमच घ्यायचे असतील (पहिल्यांदा पळणाऱ्याला तेवढे पुरतात) तर चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू सरबत, खडीसाखर, लिमलेट यांनीही काम भागतं, उगाच एका जेलला दीडशे रुपये घालायची गरज नाही. जेलचा फायदा एवढाच की मोजून २०-२५ ग्रॅम मिळतात आणि चावायला लागत नाही.

पण जेलसोबत पाणीच हवं, ड्रिंक नको, माझी दुसरी चूक ती. २५ ग्रॅम साखर आठ टक्क्यांपर्यंत पातळ करायची तर ३०० मिली पाणी लागतं, स्पोर्ट्स ड्रिंकं साधारण सहा ते आठ टक्क्यांची असतात ती उगाच नाही. जेलवर परत गोड ड्रिंक ओतलं की पोटात पाकच तयार होतो. एका दमात ३०० मिली पिणं कोणाला जमणार, म्हणून जेलच अर्धी-अर्धी घ्यायची आणि रस्त्यातल्या प्रत्येक पाण्याच्या स्टेशनला घोट घोट पाणी.

केळं चांगलं, मोठ्या केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतं, पण पिकलेलं घ्या, कच्चट नको. उकडलेला बटाटा मीठ लावून मला सगळ्यात आवडतो, १०० ग्रॅमला २० ग्रॅम कार्ब आणि गोड खाऊन तोंडाला मिठी बसली की त्याच्यासारखं सुख नाही, फक्त कमरेच्या पाऊचमध्ये त्याचा लगदा होतो. खजूर दोन-तीन ठीक, जास्त खाल्ले तर फायबर नडतं. चिक्की हवीच असेल तर राजगिऱ्याची, ती पण पाण्यासोबत.

आदल्या दिवशी तर हेल्दी खाणं चक्क बंद करायचं. एरवी मी भाकरी-उसळवाला माणूस, पण मटकी, छोले, राजमा यांच्यातल्या काही साखरा आपल्याला पचतच नाहीत, त्या खाली मोठ्या आतड्यातले जंतू खातात आणि गॅस करतात, तो गॅस रेसच्या सकाळी कोणाला हवाय. त्यामुळे पांढरा भात, वरण अगदी पातळ, बटाटा, पहाटे मऊ गुरगुट्या भात मीठ घालून आणि तुपाचा फक्त वास. डायबेटिस असेल तर मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आणि हे सगळं लाँग रनला (सरावातल्या लांब पळण्याला) करून बघायचं, रेसच्या दिवशी नाही. पोटालाही सराव लागतो, दर वीस मिनिटांना १० ग्रॅमने सुरुवात करून दर दोन-तीन रविवारी थोडं वाढवत गेलं की तेच पोट जे आधी कुरकुरत होतं ते गप्प घेतं. माझं तासाला ३० वरून ६५ ग्रॅमपर्यंत यायला पाच महिने लागले, ७०ला अजून गुडगुडतं. या पावसाळ्यात लिमलेट कमी करून बटाटा वाढवून बघणारे.