थंडीत मासा झोपत नाही आणि मे महिन्यात तळाला जात नाही

डिसेंबरात भाच्याने व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला एक माणूस जाडजूड जाकीट घालून बोटीत बसलाय, बास नावाचा मासा गळाला लावतोय आणि सांगतोय की थंडीत आमिष पार तळाला सोडा आणि एकदम हळू ओढा. खाली भाच्याचा मेसेज, "मामा, आपल्याकडं पण थंडीत मासे तळाला जाऊन झोपतात का? म्हणून लागंना झालेत का?" पोरगं दोन रविवार गावाकडच्या पाझर तलावावर कणकेची गोळी लावून बसलं होतं आणि रिकाम्या हाताने परत आलं होतं. त्याला फोनवर समजवायला लागलो तर अर्धा तास झाला तरी संपेना, म्हणून सगळं लिहूनच काढतोय.

आधी बासचं सांगतो. हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, आपल्या गोदावरी-मांजरा-पूर्णेतला नाही. तिकडे मिशिगन, मिनेसोटाकडची तळी हिवाळ्यात वरून गोठतात, आणि पाणी सगळ्यात जड असतं ४ अंश सेल्सिअसला, त्यामुळे बर्फाखाली तळाशी ४ अंशांच्या आसपासचं पाणी साठतं. म्हणजे तळ हीच त्यातल्या त्यात उबदार जागा. तो माणूस त्याच्या तळ्यापुरतं अगदी बरोबर सांगतोय. आपल्याकडे परभणीत पहाटे पारा ५-६ अंशांवर आला तरी ती हवा असते, पाणी नव्हे. पाणी गरम व्हायलाही वेळ लावतं आणि गार व्हायलाही, म्हणून तर थंडीत सकाळी विहिरीचं पाणी कोमट लागतं आणि तलावावर वाफा दिसतात. आपल्या तलावात ४ अंशाचा थर कधीच तयार होत नाही, त्यामुळे तिकडचा तळाचा सल्ला इकडे जसाच्या तसा चालत नाही.

नियम मात्र बास असो की रोहू, एकच आहे. माशाचं अंग आजूबाजूच्या पाण्याएवढंच गरम असतं, आणि शरीरातल्या रासायनिक क्रिया तापमानावर चालतात. साधारण १० अंश तापमान वाढलं की या क्रियांचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. याचा पाया घातला डच शास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी, १९०१ सालचं रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल मिळालं ते यांनाच. पाणी गार झालं की पोटातलं अन्न पचायलाच कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि जे पोट रिकामंच झालेलं नाही त्याला तुमच्या कणकेच्या गोळीचं काय कौतुक? बास १० अंशांच्या खाली फार कमी खातो. आपला रोहू, कटला तर त्याहून उबदार पाण्यातला जीव, रोहूला १४ अंशांखालचं पाणी मानवत नाही. तो झोपत नाही, त्याची भूक मंदावलेली असते, बस्स.

यात मला फार आवडणारी एक गंमत आहे. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली गोठते, पण शेजारीच ठेवलेलं करडईचं तेल पातळच राहतं. कारण खोबरेलमध्ये संपृक्त मेदाम्लं जास्त, त्यांचे रेणू सरळ काडीसारखे, एकावर एक घट्ट रचले जातात. करडईच्या तेलात असंपृक्त जास्त, त्यांचे रेणू वाकडे, ते नीट रचलेच जात नाहीत म्हणून गोठत नाहीत. आता माशाच्या प्रत्येक पेशीला मेदाचंच पातळ आवरण असतं, थंडीत ते आवरण घट्ट झालं तर त्यातून आतबाहेर ये-जा थांबेल, म्हणून मासा काय करतो तर थंडी पडायला लागली की आपल्या पेशींच्या आवरणात हळूहळू असंपृक्त मेदाम्लं वाढवत जातो, म्हणजे खोबरेलचं करडई करतो! पण हे एका रात्रीत होत नाही, दिवस-आठवडे लागतात. म्हणून थंडीची लाट अचानक आली की मासा एकदम बंद होतो आणि तीच थंडी स्थिर राहिली की काही दिवसांनी परत थोडंथोडं खायला लागतो. बास धरणारे लोक हे अनुभवाने ओळखून असतात.

भाच्याला म्हटलं जानेवारीत पहाटे जाऊन कुडकुडू नको, दुपारी १२ ते ४ जा, जिथं उथळ पाण्यावर ऊन पडतंय तिथं बस, गोळी छोटी लाव आणि धीर धर.

उन्हाळ्याचं गणित उलटं आहे आणि माझ्या मते जास्त भारी आहे. मे महिन्यात पाणी ३० अंशांवर, म्हणजे माशाची भूक जोरात असायला पाहिजे. बाससुद्धा साधारण २५ ते ३० अंशातच जोमाने वाढतो. मग भर उन्हाळ्यात मासा सुस्त का? कारण ऑक्सिजन. १ लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, आणि १ लिटर पाण्यात, ३० अंशाला, पूर्ण भरून घेतला तरी फक्त साडेसातच्या आसपास. म्हणजे आपण जी हवा फुकट ओढतो त्याच्या पस्तिसाव्या भागावर मासा जगतो, तेही हवेपेक्षा ८०० पट जड पाणी कल्ल्यांतून ढकलून. त्यात पाणी जितकं गरम तितका त्यात वायू कमी मावतो. १० अंशाला ११.३ मिलिग्रॅम, २० ला ९.१, ३० ला ७.५, आणि हे आकडे समुद्रसपाटीचे, आपण पठारावर म्हणजे त्याहून थोडं कमीच. आता जोडून बघा, २० वरून ३० वर गेलं की माशाची ऑक्सिजनची गरज दुप्पट झाली आणि पुरवठा ९ वरून साडेसातवर आला. पगार कमी आणि खर्च डबल.

कल्ल्यांची रचना मात्र अफाट आहे. पाणी एका दिशेने वाहतं आणि कल्ल्यातलं रक्त बरोब्बर उलट दिशेने, त्यामुळे शेवटपर्यंत पाण्यात रक्तापेक्षा ऑक्सिजन थोडा जास्तच राहतो आणि तो आत शिरत राहतो, पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन मासा काढून घेऊ शकतो. पण तापमान वाढलं की हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरून ठेवायची पकड ढिली होते, म्हणजे कल्ल्यात आलेला ऑक्सिजन उचलायलाच अवघड जातं, म्हणून मासा तोंड-कल्ले भराभर हलवतो आणि त्या हलवण्यालाही परत ऑक्सिजन लागतो.

मग लोक म्हणतात मे महिन्यात मासा गारव्याला तळाला जातो, तिथं गळ सोडा. लहानपणी उन्हाळ्यात विहिरीत सूर मारलेल्यांना माहीत आहे, वरचं पाणी कोमट आणि खाली गेलं की एकदम पायाला गार लागतं. पाण्याचे थर पडलेले असतात. ४ आणि ५ अंशाच्या पाण्याच्या घनतेत जेवढा फरक असतो त्याच्या तीसपटीहून जास्त फरक २९ आणि ३० अंशाच्या पाण्यात असतो, म्हणून आपल्याकडे एक-दोन अंशाचा फरक पडला तरी थर एकमेकात मिसळत नाहीत. वरची हवा खाली पोचत नाही, तळाच्या गाळात पाला-शेण कुजत असतं, ते असलेला ऑक्सिजन खाऊन टाकतं. तळ गार असतो पण तिथं श्वास घेता येत नाही, मग मासा जातो मधल्या पाण्यात, सावलीत, जिथं वारा लाटा उठवतो तिकडे. नाथसागरासारख्या पसरट जलाशयात वारा पाणी ढवळत राहतो, पण छोट्या, झाडाआडच्या तलावात हा प्रकार फार.

अजून एक, उन्हाळ्यात पहाटेच जावं असं सगळे सांगतात. पाणी स्वच्छ असेल तर जरूर जा, पण तलाव हिरवागार असेल तर नको. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री आपल्यासारखंच तो वापरतं, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. अशा तलावावर पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात, आणि आपल्याला वाटतं वा, केवढा मासा वर आलाय! त्याला तेव्हा खायचं सुचत नसतं. तिथं संध्याकाळी जा.

आणि अमावस्या-पौर्णिमा सोडा. समुद्राला भरती-ओहोटी असते म्हणून कोकणातल्या कोळ्याला चंद्र बघावा लागतो, पाझर तलावाला कुठली आलीय भरती? मोबाईलवरची जी ॲप आज मासा लागायची टक्केवारी दाखवतात त्यांना तुमच्या तलावाचं तापमान ठाऊक नसतं, ऑक्सिजन तर लांबच. बाजारातला साधा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडलात तर जास्त कळेल.

सगळ्यात वाईट वाटतं ते मे-जूनमध्ये. वळवाचा पाऊस पडतो, आभाळ दोन दिवस भरून राहतं आणि सकाळी तलावात मेलेल्या माशांचा खच. कुणी म्हणतं देवीचा कोप, कुणी म्हणतं पहिल्या पावसाच्या पाण्यात विष असतं, आणि ज्याने तलाव ठेक्याने घेतलाय तो म्हणतो भावकीतल्या कुणीतरी औषध टाकलं. यावरून गावात हाणामाऱ्या होतात. खरं तर गार पाऊस आणि वारा मिळून वरचं पाणी खाली आणि तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर आणतात, ढगांमुळे शेवाळाने दिवसा ऑक्सिजन बनवलेला नसतो, आणि पहाटेपर्यंत सगळं संपतं. कुणी कीटकनाशक टाकल्याचा संशय असेल तर पाण्याचा नमुना तपासायला द्याच, पण त्याआधी काठावर उभं राहून नीट बघा. ऑक्सिजन संपला की बहुतेक वेळा मोठे मासे आधी जातात, छोटे मागे राहतात, आणि मरणाची वेळ पहाटेची असते. विष लहान-मोठा बघत नाही. आणि मरळ शोधा. मरळीला कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवा साठवायची पोकळी असते, ती वर येऊन हवेतला श्वास घेते, तिला पाण्याखालीच दाबून ठेवलं तर ती गुदमरून मरते. कटला-रोहू पांढरे पोट वर करून तरंगतायत आणि मरळ मात्र अधूनमधून वर येऊन हवा घेऊन परत खाली जातीय असं दिसलं, तर बहुतेक पाण्यातली हवा संपली होती, भावकीला दोष देऊ नका.