बेथेल आणि बेथलेहेम: एकच 'घर', पण कुणाचे?

बायबल नव्याने वाचणाऱ्याची बेथेल आणि बेथलेहेम या दोन गावांत हमखास गल्लत होते. दोन्ही नावांची सुरुवात एकच आहे. हिब्रूत 'बायित' म्हणजे घर, आणि पुढे दुसरा शब्द जोडला की त्याचे 'बेथ' होते. फरक आहे तो घर कुणाचे, यात.

बेथेल म्हणजे देवाचे घर. भावाच्या रागाला भिऊन हारानकडे निघालेला इस्राएली लोकांचा मूळपुरुष याकोब वाटेत उशाला धोंडा घेऊन झोपला. स्वप्नात त्याला स्वर्गापर्यंत पोचलेली शिडी दिसली. सकाळी त्याने तोच धोंडा उभा केला, त्यावर तेल ओतले आणि लूज नावाच्या त्या ठिकाणाला बेथेल म्हटले. देव या अर्थाचा 'एल' हा शब्द मात्र याकोबाच्या घराण्यापुरता नव्हता. कनानी लोकांच्या सर्वश्रेष्ठ देवाचे नावही एलच होते. पुढे यराबाम राजाने इथे पूजेसाठी सोन्याचे वासरू बसवले, आणि त्यानंतर बऱ्याच काळाने होशेय संदेष्ट्याने संतापून गावाला बेथ-आवेन, म्हणजे अधर्माचे घर म्हटले. एक शब्द बदलून इतका जिव्हारी घाव दुसऱ्या कुणी घातलेला मला आठवत नाही.

पनवेलच्या बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजाने १८४९ साली बांधलेल्या सिनेगॉगचे नाव 'बेथ एल' आहे, ते हेच देवाचे घर.

बेथलेहेम यरुशलेमच्या दक्षिणेला आठ-दहा किलोमीटरवर आहे, तर बेथेल उत्तरेला. 'लेहेम' म्हणजे भाकर. अरबीत त्याच धातूचा 'लह्म' म्हणजे मांस, म्हणून तिथले लोक गावाला 'बैत लह्म' म्हणतात. मुळात या धातूचा अर्थ रोजचे मुख्य अन्न असा असावा. काही अभ्यासक हे नाव लहामू या मेसोपोटेमियातल्या दैवताशी जोडतात. मला ते ओढूनताणून वाटते. गावाचे दुसरे नाव एफ्राथ, आणि त्यात सुपीकतेचा अर्थ ऐकू येतो. रूथची गोष्ट तर या नावावरच उभी आहे. भाकरीच्या घरात दुष्काळ पडतो, अलीमलेख बायको नामी आणि मुलांना घेऊन मवाबात जातो, आणि काही वर्षांनी विधवा नामी सून रूथसह परतते ती सातूच्या हंगामात. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, आणि तिच्या वंशात दावीद राजा जन्मतो. मराठी ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत 'रोजची भाकर' मागतो, त्यामुळे हे नाव त्याला समजावून सांगावे लागत नाही.

बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ३५ व्या अध्यायात ही दोन्ही गावे एकाच प्रवासात येतात. याकोब बेथेलला पुन्हा धोंडा उभारून एफ्राथच्या वाटेला लागतो. गाव थोडे दूर असतानाच त्याची बायको राहेल बन्यामीनला जन्म देताना मरण पावते. तिच्या कबरेवरही तो एक धोंडा उभा करतो.